टक वाजलंच नाही: बंद पडलेल्या मोबिलिटी स्कूटरचे १८ दिवस

३ तारीख, सोमवार. सकाळी स्कूटरवर बसले, किल्ली फिरवली. दिवा लागला, बॅटरीचा काटा हिरव्या पट्ट्याच्या पार टोकाला गेला. अंगठ्याने हँडलवरची, गाडी पुढे नेणारी पट्टी दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. ढिम्म. मग माणूस करतो तेच मीही केलं, जोरात दाबून पाहिली. पट्टी जोरात दाबल्याने स्कूटरला काडीचाही फरक पडत नाही, एवढं पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

मोबिलिटी स्कूटर म्हणजे रस्त्यावर पळवायची दुचाकी नव्हे. चार छोटी चाकं, फिरणारी खुर्ची, समोर हँडल, आणि वेग म्हणाल तर भरभर चालणाऱ्या माणसाइतका. मणक्याच्या ऑपरेशननंतर मला काठीच्या आधाराने वीस-पंचवीस पावलं जमतात, त्यापुढे नाही. अडीच वर्षं ही स्कूटरच माझे पाय आहे. मला चालवत नाही म्हणून ती घेतली, आणि आता तिलाच चालवेना. त्या दिवशी यावर हसू आलं नव्हतं.

पुढे जे केलं त्यातलं निम्मं उलट्या क्रमाने केलं. म्हणून सगळं जसं घडलं तसंच सांगते.

पहिल्या दिवशी अहोंनी आणि मी सोप्या गोष्टी तपासल्या, त्या बरोबरच होत्या. चार्जरची पिन काढली आहे ना? बहुतेक स्कूटरमध्ये चार्जर जोडलेला असताना गाडी मुद्दाम हलू दिलेली नसते. वायर ओढत कोणी निघू नये म्हणून. आमची पिन काढलेली होती. किल्ली फिरवताना पट्टीवर अंगठा किंवा पिशवीचा बंद तर नाही ना? पट्टी दाबलेली असताना किल्ली फिरवली तर कंट्रोलर, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, गाडी अडवून धरतो. हात सोडून, किल्ली बंद करून पुन्हा सुरू करायची. केलं. वेगाचं बटण कासवाच्या चित्राकडे पूर्ण फिरलेलं असलं तर थोड्याशा चढावरही कधीकधी गाडी जागची हलत नाही. ते मधोमध होतं. खुर्चीखाली बॅटरीपाशी एक छोटं काळं बटण असतं, जास्त भार आला की ते आपोआप वर उडी मारतं. ते खाली बसलेलंच होतं.

आणि मागचा लिव्हर. गाडी हाताने ढकलायची असेल तर तो वर ओढतात, मग मोटर चाकांपासून सुटते. चालवायची असेल तर खाली. लिव्हर खाली होता. अहोंनी पाहिलं, मी पाहिलं, दुपारी शेजारच्या वहिनींनीही पाहिलं. या लिव्हरकडे मी पुन्हा येणार आहे.

अकरा वाजता सर्व्हिसला फोन लावला. रेकॉर्ड केलेला आवाज, मग संगीत, मग पुन्हा तोच आवाज. बावीस मिनिटांनी माणूस भेटला. त्याने सिरियल नंबर मागितला. तो खुर्चीच्या नळीखाली, फ्रेमवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. खाली वाकता न येणाऱ्या माणसांच्या गाडीचा नंबर तिथे चिकटवायचं कुणाला सुचलं असेल, देव जाणे. अहोंनी मोबाइल खाली धरून फोटो काढला आणि मग वाचला. तुम्ही आजच हा फोटो काढून ठेवा, बिलाच्या फोटोसोबत. बिलाची तारीखही विचारतात, वॉरंटी तिच्यावरूनच ठरते. माझी केव्हाच संपलेली होती. आणि गाडीच्या व बॅटरीच्या वॉरंटीची मुदत वेगवेगळी असते, हेही तेव्हाच कळलं.

"मॅडम, अडीच वर्षं झालीत ना, मग बॅटरीच गेली असणार," तो म्हणाला. दिवा लागतोय का, आवाज येतोय का, काही विचारलं नाही. तक्रार क्रमांक दिला, भेटीची फी वेगळी पडेल हे सांगितलं, आणि तंत्रज्ञ आठ ते दहा कामाच्या दिवसांत येईल म्हणाला. कामाचे दिवस म्हणजे मधले रविवार मोजायचे नाहीत. मी ते मोजून बसले होते.

तो आठवडा कसा गेला ते थोडक्यात सांगते. गैरसोय होती, पण तिचा त्रास कमीच. दुसऱ्याच गोष्टीचा जास्त होता. "कशाला उठतेस, मी देते ना." "चार दिवस आराम कर की." सगळे प्रेमानेच म्हणत होते. पण पाणी हवं तर सांगायचं, खिडकी लावायची तर सांगायचं, आणि दहाव्या वेळी सांगण्यापेक्षा तहान सोसणं बरं वाटू लागतं. बुधवारी मी अहोंवर क्षुल्लक कारणावरून ओरडले. त्यांनी उत्तर दिलं नाही, याचा आणखी राग आला.

८ तारखेला, शनिवारी, भाचा आला. येताना मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, घेऊन आला. "मावशी, आधी बॅटरी बघू. सगळे बॅटरीच म्हणतायत ना?" आम्ही इथेच घसरलो, पण त्याने बॅटरी तपासली ती मात्र नीट, म्हणून ते सांगते.

या गाड्या सहसा २४ व्होल्टच्या असतात, आणि ते २४ व्होल्ट येतात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून. आदल्या रात्री पूर्ण चार्ज केल्या होत्या, सकाळी चार्जर काढून चार तास तशाच ठेवल्या. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. पहिल्या बॅटरीवर १२.८ आला, दुसरीवर १२.६. दोन्ही उत्तम. लेड-ॲसिडची भरलेली बॅटरी साधारण १२.७-१२.८ दाखवते, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी उतरलेली.

पण भाचा एवढ्यावर थांबला नाही. माणूस खुर्चीत बसलेला असताना धडधाकटच दिसतो, दोन जिने चढायला लावा, मग खरं कळतं. बॅटरीचंही तसंच. हँडलवरचा काटाही म्हणूनच फसवतो, गाडी उभी असताना तो बसलेल्या माणसाचीच तब्येत सांगतो. भाच्याने मोटारीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब आणला होता. तो एकेका बॅटरीला लावून दहा मिनिटं जळू दिला. पहिली १२.४ वर टिकली. दुसरी ११.२ पर्यंत उतरली आणि उतरतच राहिली.

"सापडलं," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. गेले दोन महिने गाडी पूर्वीइतकी लांब जात नव्हती, ते आठवलं. गोष्ट अगदी जुळून आली. जुळून आलेल्या गोष्टीवर आपण प्रश्न विचारत नाही.

एक बॅटरी बदलून भागत नाही. जुनी कमजोर बॅटरी नवीला ओढते, आणि चार्जर दोघींना एकच समजून भरतो. म्हणून दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच लॉटच्या. मोटारीची बॅटरी चालत नाही. ती क्षणभर मोठा करंट देऊन इंजिन उठवण्यासाठी असते, तासन्‌तास हळूहळू उतरण्यासाठी नाही. सीलबंद, एजीएम किंवा जेल (आतलं ॲसिड न सांडणारी), डीप सायकल (खोलवर उतरून पुन्हा भरता येणारी) असं सांगूनच मागायची. जुन्या बॅटरीची लांबी-रुंदी-उंची आणि टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते लिहून न्या, नाहीतर वायर पोचत नाही. उत्पादनाची तारीख पाहा. वर्षभर फळीवर पडून राहिलेली बॅटरी "नवी" म्हणून घेण्यात अर्थ नाही, पडल्या पडल्या तिच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती कमजोर होते. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च या जोडीचाच झाला, बाकी सगळं मिळून त्याच्या जवळपासही नाही.

९ तारखेला बॅटऱ्या बसल्या. जुन्या काढण्याआधी जोडणीचा फोटो काढला. भाच्याला हातातलं कडं काढायला लावलं. पाना किंवा कडं दोन टर्मिनलवर एकदम टेकलं तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. प्रत्येक बॅटरी सहा किलोच्या आसपास, म्हणजे माझ्यासारखीने उचलायच्या भानगडीत पडायचं नाही. जुन्या बॅटऱ्या दुकानात परत केल्या. आत शिसं आणि ॲसिड असतं, ते कचऱ्यात जाता कामा नये.

रात्रभर चार्ज केलं. १० तारखेला, सोमवारी सकाळी तिघंही गाडीभोवती उभे, म्हणजे दोघं उभे आणि मी बसलेली. किल्ली. दिवा. काटा टोकाला. पट्टी.

काही नाही.

भाचा खाली फरशीवरच बसला. "मावशी, सॉरी." मी म्हटलं, अरे, ती बॅटरी कमजोर होतीच ना. तसं म्हणाले खरं, पण आतून पैसे पाण्यात गेल्यासारखं वाटत होतं. आता विचार केला तर ते पूर्ण खरं नाही, काही महिन्यांत त्या बदलाव्या लागल्याच असत्या. पण त्या सोमवारी मी एवढी समजूतदार नव्हते.

त्या दुपारी कुणी नसताना मी एकटीच गाडीवर बसून राहिले. किल्ली चालू, हात मांडीवर. आणि हँडलवरचा लाल दिवा लुकलुकताना पाहिला. तो पहिल्या दिवसापासून लुकलुकत होता, आम्ही त्याला "काहीतरी बिघडलंय" एवढंच समजत होतो. आता बघायला वेळच वेळ होता. तो सलग लुकलुकत नव्हता. पाच वेळा, मग थांबत होता. पुन्हा पाच, पुन्हा थांबा. मोजून खात्री केली, चार वेळा.

बिलाच्या फाइलमध्ये पुस्तिका होती, प्लास्टिकमधून कधी काढलीच नव्हती. शेवटून तिसऱ्या पानावर तक्ता: लुकलुक किती आणि बिघाड कोणता. माझ्या मॉडेलमध्ये ५ म्हणजे पार्किंग ब्रेकचं सर्किट किंवा फ्री-व्हील लिव्हर, म्हणजे मागचा तोच लिव्हर. तुमच्या गाडीत ५ चा अर्थ दुसरा असू शकतो, प्रत्येक कंट्रोलरची भाषा वेगळी, तेव्हा माझा आकडा घेऊ नका, मोजायची सवय घ्या. तक्त्यात बॅटरीसाठी एक वेगळाच आकडा होता. म्हणजे गाडी आठ दिवस ओरडून सांगत होती की बॅटरी नव्हे, ब्रेक. आम्ही तिचं सोडून सगळ्यांचं ऐकलं.

संध्याकाळी सर्व्हिसला पुन्हा फोन केला. या वेळी म्हटलं, "पाच लुकलुक येतायत, बॅटऱ्या नव्या आहेत, पट्टी दाबल्यावर मागून कुठलाच आवाज येत नाही." पलीकडचा सूर बदलला. त्याने "एक मिनिट" म्हणून फोन एका बाईंना दिला, आणि त्यांनी नेमके तीन प्रश्न विचारून तंत्रज्ञाची तारीख शुक्रवारची पक्की केली. पहिल्याच फोनला ही तीन वाक्यं माझ्याकडे असती तर आठवडा वाचला असता, असं मला वाटतं. कदाचित नसताही वाचला.

१४ तारखेला तंत्रज्ञ आला. चोवीस-पंचवीसचा मुलगा, पाठीवर सॅक. त्याने हत्यारं काढली नाहीत. "ताई, बसा आणि मी सांगितलं की पट्टी दाबा." स्वतः मागे जाऊन मोटरपाशी कान नेला. "दाबा. सोडा. दाबा." मग म्हणाला, "टक येत नाही."

मग त्याने टक म्हणजे काय ते सांगितलं. आपल्याला वाटतं, ब्रेक लावायला ताकद लागते. या गाडीत उलट आहे. मोटरच्या मागे एक चकती असते, ती स्प्रिंगच्या जोराने कायम दाबलेली, म्हणजे ब्रेक कायम लागलेला. पट्टी दाबली की आधी एका चुंबकाच्या वेटोळ्यात करंट जातो, ते चकती ओढून घेतं, ब्रेक सुटतो, आणि त्याचा आवाज येतो. टक. मग मोटर फिरते. वीज गेली, वायर तुटली, बॅटरी मेली, काहीही झालं तरी ब्रेक आपोआप लागतो, चढावर गाडी घरंगळत नाही. टक आलं आणि तरी गाडी हलली नाही, तर मोटर, तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश, वायरी तिकडे बघायचं. टक आलंच नाही, तर ब्रेकच्या वाटेत काहीतरी अडलंय. एका आवाजाने शोध निम्म्यावर येतो. अडीच वर्षं मी तो आवाज दिवसातून पन्नास वेळा ऐकला होता आणि एकदाही ऐकला नव्हता.

त्याने मागचं प्लास्टिकचं आवरण उघडलं. ब्रेकच्या दोन बारीक वायरींना मीटर लावला. वेटोळं ठीक होतं. मग लिव्हरपाशी आला. लिव्हरच्या बुडाशी नखाएवढा एक स्विच बसवलेला असतो, त्याला पत्र्याची बारीक जीभ. लिव्हर पूर्ण खाली आला की जीभ दाबली जाते आणि कंट्रोलरला कळतं, मोटर चाकांना जोडली आहे, आता निघायला हरकत नाही. त्याने जिभेवर बोट ठेवून दाबलं, मीटर पिंऽ करून वाजला. बोट काढून लिव्हर खाली केला. मीटर गप्प. लिव्हर खाली होता, पण पूर्ण खाली नव्हता. सांध्यात केस, धूळ आणि तेलाचा चिकटा यांची काळी वडी झाली होती. शेवटचे दोन मिलिमीटर राहत होते.

तिघांनी पाहून "खाली आहे" म्हटलेला लिव्हर.

त्याने सांधा स्वच्छ केला, स्विचचे दोन स्क्रू सैल करून तो खाचेतून पुढे सरकवला, परत आवळला. "दाबा, ताई."

टक. आणि गाडी इतकी झपकन पुढे गेली की मी कपाटावर आपटले. वेगाचं बटण मधेच होतं. तपासणीच्या वेळी ते नेहमी कासवाकडे ठेवा.

सगळं मिळून वीस मिनिटं. पण त्याने स्विचची जीभ दाखवली, वाकलेली आणि चिकटणारी. हा फार दिवस काढणार नाही, बदलावा लागेल. त्याच्याकडे तो नव्हता, मागवायला हवा. मी विचारलं, तोपर्यंत पुन्हा अडलं तर दोन वायरी थेट जोडून टाकू का? त्याने नाही म्हणून मान हलवली. "मग लिव्हर वर असला तरी गाडीला कळणार नाही. मोटर सुटलेली म्हणजे ब्रेकही सुटलेला. तुम्ही उतारावर असाल तर?" लिव्हर वर असताना गाडीवर बसायचंच नाही, हे पुस्तिकेत जाड अक्षरात आहे. मी ते त्याच रात्री वाचलं.

कागदावर सही, भेटीची फी, पावती. पावतीवर "तात्पुरती जुळवणी, स्विच मागवला" असं लिहून घेतलं, तेही आग्रहाने. नाहीतर दुसऱ्या भेटीला पुन्हा फी लावतात, असं त्यानेच हळूच सुचवलं.

१९ तारखेपर्यंत गाडी दोनदा अडली. दोन्ही वेळा अहोंनी लिव्हर वर-खाली केला आणि टक आलं. २० तारखेला, गुरुवारी, तोच मुलगा स्विच घेऊन आला, दहा मिनिटांत बसवून गेला. दुसरी फी लागली नाही. स्विचची किंमत भेटीच्या फीपुढे काहीच नव्हती, आणि बॅटऱ्यांपुढे तर नावही घेऊ नये.

एक गोष्ट राहिली. २ तारखेला रात्री गाडी चालत होती आणि ३ ला सकाळी नाही, मध्ये काय झालं? सकाळी फरशी पुसताना अहो लिव्हर वर करतात, गाडी भिंतीकडे ढकलतात, पुसून झालं की परत आणतात आणि लिव्हर खाली करतात. पायाने. रोज, अडीच वर्षं. हे लक्षात आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बुधवारचं ओरडणं आठवून गप्प बसले.

आता लिव्हरच्या कडेला आणि शेजारच्या आवरणावर मी लाल नेलपॉलिशची एकेक रेघ ओढली आहे. लिव्हर खरंच खाली गेला की दोन्ही रेघा एका ओळीत येतात, एरवी नाही. फरशी पुसून झाली की अहो काठीचा आधार घेतल्यासारखे गुडघ्यावर हात ठेवून वाकतात, रेघा पाहतात, आणि स्वयंपाकघरातून मला ओरडून सांगतात, "जुळल्या गं."

मी तरीही किल्ली फिरवून एकदा पट्टी दाबून बघते.